‘एवढे सोडून बाकी सगळे’ हे फाइंडला कसे सांगायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका साप्ताहिकाच्या 11 वर्षांच्या अंकांच्या फाइल्स ऑफिसातल्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या सामाईक डिस्कच्या डब्यावर, आहेत. स्कॅन केलेले टिफ फोटो आणि जाहिरातींच्या कोरल फाइल्स सोडून बाकी सगळे बाहेरच्या डिस्कवर न्यायचे आहे. प्रत्येक महिन्याच्या फोल्डरमध्ये ‘रद्दी’ नावाचा एक फोल्डर असतो, तोही नको. कऱ्हाड आवृत्तीची प्रत दुसरीकडे आहे, म्हणून ‘कऱ्हाड’ नावाचे फोल्डरही नकोत. फाइल्स शोधणाऱ्या फाइंडची तुम्ही चालवलेली कमांड अशी होती:

फाइंड . -टाइप एफ ! -नेम '*.टीआयएफ' -ओ ! -नेम '*.सीडीआर'

तुमचे म्हणणे की यातून काहीच वगळले जात नाही. टिफ येतात, कोरल येतात, आणि फक्त फाइल्स मागितल्या असूनही फोल्डरांची नावेसुद्धा येतात. एकदा नावाभोवतीचे एकेरी अवतरणाचे कॉमा लावायचे विसरलात तेव्हा भलतीच एरर आली, तर दुसऱ्या फोल्डरमध्ये तीच कमांड बिनतक्रार चालली.

आधी लिहिण्याच्या पद्धतीबद्दल. छापखान्यातल्या मुलांना फोनवर कमांड सांगतो तशीच इथे देवनागरीत लिहितो आहे. कमांड आणि पर्यायांची नावे उच्चाराप्रमाणे आहेत, एक्स्टेन्शन आणि एकेकटी अक्षरे अक्षरागणिक आहेत. टर्मिनलवर ती अर्थात रोमनमध्ये टाइप करायची. ‘रद्दी’ आणि ‘कऱ्हाड’ ही फोल्डरांची नावे मात्र तुमच्याकडे खरोखर देवनागरीत आहेत, ती तशीच टाइप करायची. त्यातही एक मेख आहे, तिच्याकडे पुढे येतो.

तुमची खरी अडचण फाइंडच्या व्याकरणाची नाही, ‘आणि’ व ‘किंवा’ची आहे. बोलताना आपण म्हणतो, ‘टिफ किंवा कोरल नको.’ ऐकणाऱ्याला ते बरोबर कळते. कमांडमध्ये मात्र तुम्ही लिहिलेत, ‘टिफ नसलेली, किंवा कोरल नसलेली.’ आता कुठलीही फाइल घ्या. टिफ फाइल कोरल नसते, म्हणून ती पास. कोरल फाइल टिफ नसते, म्हणून तीही पास. एकाच वेळी टिफही आणि कोरलही अशी फाइल जगात नाही, त्यामुळे ही चाळणी कोणालाच अडवत नाही.

फाइंड नेमके काय करते हे एकदा डोळ्यांसमोर आणा. ते सांगितलेल्या जागेपासून एकेका नावापाशी जाते आणि तुम्ही लिहिलेले प्रश्न डावीकडून उजवीकडे विचारत जाते. दोन प्रश्नांमध्ये काही लिहिले नसेल तर तिथे ‘आणि’ आहे असे धरते. पहिल्याच प्रश्नाला ‘नाही’ आले तर पुढचा विचारत नाही. ‘किंवा’ म्हणजे -ओ. त्याची पकड ‘आणि’पेक्षा सैल असते, त्यामुळे तुमची कमांड फाइंडने अशी वाचली: (फाइल आहे आणि टिफ नाही) किंवा (कोरल नाही). -टाइप एफ फक्त पहिल्या कंसापुरते राहिले. फोल्डर हा कोरल नसतोच, म्हणून दुसऱ्या दाराने सगळे फोल्डर आत आले.

दुरुस्ती अगदी साधी आहे. -ओ काढून टाका.

फाइंड . -टाइप एफ ! -नेम '*.टीआयएफ' ! -नेम '*.सीडीआर'

म्हणजे ‘फाइल आहे, आणि टिफ नाही, आणि कोरल नाही.’ यादी मोठी असेल तर नको असलेल्या सगळ्या गोष्टी कंसात ‘किंवा’ने जोडून पूर्ण कंसालाच नकार द्यायचा:

फाइंड . -टाइप एफ ! \( -नेम '*.टीआयएफ' -ओ -नेम '*.सीडीआर' \)

कंसाआधीची उलटी तिरकी रेघ शेलसाठी, म्हणजे टर्मिनलवर टाइप केलेली ओळ आधी वाचणाऱ्या प्रोग्रामसाठी, आहे. ती नसेल तर कंसाला शेल स्वतःचे काम समजते. कंसाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा हवीच. उद्गारचिन्हानंतरही हवी. बॅश या शेलमध्ये उद्गारचिन्हाला चिकटून काही लिहिले की ते जुन्या कमांडींच्या इतिहासात शोधायला जाते आणि ‘असा इव्हेंट नाही’ म्हणून परत येते. बरेच जण -नॉट वापरतात. जीएनयूच्या (लिनक्सवरच्या) आणि मॅकच्या फाइंडमध्ये ते चालते, अर्थही तोच. मी उद्गारचिन्हच वापरतो, कारण पॉसिक्स या युनिक्सच्या मानकात तेच आहे, आणि नॅसच्या छोट्या डब्यात बहुधा बिझीबॉक्स हा आटोपशीर कमांडसंच असतो. त्यात कोणते पर्याय बसवलेत हे डब्यागणिक बदलते. कंस आणि उद्गारचिन्ह या दोन गोष्टींवर भिस्त ठेवली की निम्मे प्रश्न येतच नाहीत.

या ‘किंवा’बद्दल इतक्या कळकळीने लिहितो आहे त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका छापखान्यात जागा कमी पडू लागली, म्हणून तिथल्या माणसाने ठरवले की इनडिझाइन आणि पीडीएफ सोडून बाकीचे उडवायचे. त्याने ही कमांड चालवली:

फाइंड . ! -नेम '*.आयएनडीडी' -ओ ! -नेम '*.पीडीएफ' -डिलीट

आता वरचा नियम लावून वाचा. टेम्पररी फाइल आली: इनडिझाइन नाही, पहिला प्रश्न पास, ‘किंवा’च्या पुढे जायची गरजच नाही, फाइल सुरक्षित. पीडीएफ आली: तीही इनडिझाइन नाही, सुरक्षित. इनडिझाइनची फाइल आली: पहिल्या प्रश्नाला ‘नाही’, म्हणून दुसऱ्या बाजूला गेली. पीडीएफ आहे का? नाही. मग -डिलीट. जी एक गोष्ट काहीही झाले तरी ठेवायची होती, नेमकी तीच कमांडने वेचून वेचून पुसली, आणि कचरा सगळा जागच्या जागी राहिला. रात्रीचा बॅकअप होता म्हणून जुने अंक परत आणता आले. त्या दिवशी लावलेली पाने मात्र पुन्हा लावावी लागली, रात्री दोनपर्यंत आम्ही सगळे बसलो होतो. तेव्हापासून माझा नियम आहे: एकाच कमांडमध्ये नकार आणि -ओ दिसले की हात थांबवायचा आणि -डिलीटच्या जागी -प्रिंट लिहून आधी यादी वाचायची. -डिलीट कायम सगळ्यात शेवटी. ते नावाच्या आधी लिहिले तर फाइंड आधी पुसते आणि मग नाव विचारते.

आता कॉमाचा विषय. '*.टीआयएफ' भोवतीचे एकेरी अवतरण काढले तर तारका फाइंडपर्यंत पोहोचतच नाही, शेल ती आधीच उलगडतो. तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथे टिफ फाइलच नसेल, तर बॅश ते अक्षरशः तसेच पुढे देते आणि सगळे ठीक चालते. तिथे ‘लोगो’ नावाची एकच टिफ असेल, तर फाइंडला फक्त ‘लोगो नको’ एवढेच कळते आणि बाकीच्या हजारो टिफ गुपचूप यादीत येतात, एररही येत नाही. दोन किंवा जास्त असतील तर फाइंडला एका नावाच्या जागी अनेक नावे दिसतात आणि ‘पाथ आधी द्यायला हवा होता’ अशा अर्थाची एरर येते. एकाच कमांडचे तीन वेगळे निकाल तुम्हाला दिसले ते याचमुळे. मॅकवर 2019 पासून झेड-शेल हा मूळ शेल आहे, तिथे जुळणारे नाव नसले की शेलच थांबतो. माझ्या मते या तिन्हींत मधला निकाल सर्वांत वाईट. एररवाला निदान सांगतो तरी.

‘रद्दी’ फोल्डर वगळणे ही वेगळी जातकुळी आहे. फाइल वगळणे म्हणजे तिच्या नावाला नकार देणे. फोल्डर वगळणे म्हणजे त्याच्या आत पाऊलच न टाकणे. पुष्कळ जण हे लिहितात:

फाइंड . -टाइप एफ ! -पाथ '*/रद्दी/*'

उत्तर बरोबर येते. पण फाइंड प्रत्येक ‘रद्दी’त जाते, आतले एकूण एक नाव वाचते आणि मग एकेकाला नाकारते. लॅपटॉपवर हे जाणवत नाही. नॅस नेटवर्कवरून जोडलेला असेल आणि 11 वर्षांची रद्दी असेल, तर बहुतेक वेळ जे नकोच आहे ते वाचण्यात जातो. त्यासाठी -प्रून आहे. शब्दाचा अर्थच छाटणे. बागेत फांदी बुंध्यापाशी कापतात, एकेक पान खुडत बसत नाहीत.

फाइंड . -टाइप डी -नेम 'रद्दी' -प्रून -ओ -टाइप एफ -प्रिंट

इथे -ओ योग्य जागी आहे, कारण त्याच्या डावीकडे नकार नाही. वाचायचे असे: ‘रद्दी नावाचा फोल्डर असेल तर छाट, नाहीतर फाइल असेल तर छाप.’ -प्रून नेहमी ‘हो’ म्हणते, म्हणून फोल्डर जुळला की ‘किंवा’ची उजवी बाजू विचारलीच जात नाही. शेवटचे -प्रिंट विसरू नका. ते नसेल तर फाइंड स्वतःहून पूर्ण वाक्याला -प्रिंट लावते, आणि मग छाटलेल्या ‘रद्दी’ फोल्डरचे नावही यादीत येते. आतले काही येत नाही, फक्त ते एक नाव. लोक यालाच ‘प्रून चालत नाही’ असे म्हणतात.

दोन बारीक गोष्टी आणखी. -नेम फक्त शेवटचे नाव बघते, -पाथ सुरुवातीच्या जागेपासूनचा अख्खा रस्ता बघते. सुरुवात टिंबाने केलीत तर रस्ता ‘./’ने सुरू होतो, पूर्ण पत्त्याने केलीत तर त्या पत्त्याने. फाइंड एका पद्धतीने सुरू करून -पाथमध्ये दुसरी पद्धत लिहिली तर कधीच जुळत नाही. तसेच -पाथच्या शेवटी तिरकी रेघ ठेवू नये, तसे नाव फाइंडसमोर कधी येतच नाही. दुसरे, -प्रून आणि -डिलीट एकत्र चालत नाहीत. -डिलीटला आधी आतले आणि मग बाहेरचे अशा क्रमाने जावे लागते, म्हणजे छाटायचा निर्णय होईपर्यंत आतले सगळे होऊन गेलेले असते. जीएनयू फाइंड अशा वेळी एरर देऊन थांबते, आणि ते चांगलेच आहे.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. एक्स्टेन्शन म्हणजे फाइलचा प्रकार नव्हे, ते नुसते नावाचे शेपूट. युनिक्सला त्याच्याशी देणेघेणे नाही. तुमच्याकडे फाइल्स कुठून आल्या यावर इथला धोका ठरतो. विंडोजवरून आलेल्यांत मोठ्या लिपीतले टीआयएफ सर्रास असते, आणि -नेमला लहान-मोठी अक्षरे वेगळी वाटतात. म्हणून -आयनेम वापरा, आणि चार अक्षरी ‘टीआयएफएफ’ही धरा. कोरल स्वतःहून ‘बॅकअप ऑफ’ने सुरू होणाऱ्या नावाच्या प्रती ठेवते, पण त्यांचे शेपूट सीडीआरच असते, त्या आपोआप वगळल्या जातील. मॅकवरून आलेल्या डिस्कवर टिंब आणि अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या छोट्या फाइल्स सापडतात. एखाद्या टिफची अशी जोडफाइल असेल तर तिचेही शेपूट टिफच, तीही जाईल.

जुन्या मॅकचे काम असेल तर मात्र गंमत नाही. पूर्वीच्या मॅकमध्ये फाइलचा प्रकार नावात नसायचा, वेगळ्या कोडमध्ये असायचा, त्यामुळे लोक शेपूट लावायचेच नाहीत. ‘मुखपृष्ठ फोटो’ एवढेच नाव, आणि आत टिफ. अशा फाइल्स नावाने कधीच वगळता येणार नाहीत. त्यांच्यासाठी फाइल नावाचीच कमांड आहे, ती फाइल उघडून सुरुवातीचे बाइट बघते. टिफची सुरुवात ‘आयआय’ किंवा ‘एमएम’ या दोन अक्षरांनी होते आणि पुढे 42 हा आकडा असतो. ही कमांड सगळ्यांवर चालवू नका, प्रत्येक फाइल उघडायला वेळ लागतो. ज्यांच्या नावात टिंबच नाही तेवढ्याच तपासा:

फाइंड . -टाइप एफ ! -नेम '*.*' -एक्झेक फाइल --माइम-टाइप {} +

ही यादी तुमच्याकडे दहा-वीस फाइल्सची निघाली तर हाताने बघा आणि विषय संपवा. हजारांत निघाली तर नावावर आधारलेली कुठलीच पद्धत पुरणार नाही, वेगळी स्क्रिप्ट लागेल.

कमांड लिहिण्याआधी मी नेहमी एक पाहणी करतो: डिस्कवर कोणकोणती शेपटे आहेत आणि किती.

फाइंड . -टाइप एफ | सेड 'एस/.*\.//' | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -आरएन

ज्या ओळींत तिरकी रेघ दिसेल त्या शेपूट नसलेल्या फाइल्स. बाकी ओळींत तुम्हाला स्वतःलाच माहीत नसलेली नावे दिसतील. ‘टीआयएफ’च्या खाली ‘टीआयएफ1’ किंवा शेवटी मोकळी जागा राहिलेले ‘टीआयएफ’ मला कितीतरी वेळा सापडले आहे. काय वगळायचे हे डोक्यातल्या यादीवरून न ठरवता या यादीवरून ठरवावे.

आणि आता ‘कऱ्हाड’. हे मराठी लोकांनाच भेटणारे दुखणे आहे आणि यावर लिहिलेले फार कुठे दिसत नाही, म्हणून जरा थांबतो. मध्ये एका ठिकाणी ‘कऱ्हाड’ फोल्डर -प्रूनने छाटला. काही महिन्यांतला छाटला गेला, काही महिन्यांतला नाही. पडद्यावर दोन्ही नावे तंतोतंत सारखी. मी तासभर कमांडमध्ये चूक शोधत होतो, चूक कमांडमध्ये नव्हतीच.

हा आपला ऱ्, म्हणजे ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’ यांतला आडवा रफार, युनिकोडमध्ये एकाहून जास्त पद्धतींनी लिहिता येतो. काही कीबोर्ड खास ‘ऱ’ हे अक्षर आणि पुढे हलन्त टाकतात. काही साधा ‘र’, मग हलन्त, मग न दिसणारा एक जोडक टाकतात. दिसायला दोन्ही एकच. पण डिस्कवर पहिली जोडी 6 बाइटची, दुसरी 9 बाइटची, आणि फाइंड बाइट जुळवते, दिसणे नाही. तिसरी तऱ्हा जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कवरून येते. ती ‘ऱ’ची फोड करून ‘र’ आणि नुक्ता असे ठेवते, तीही 9 बाइट. म्हणजे ‘कऱ्हाड’ हा शब्द कुठे 18 बाइटचा असतो, कुठे 21 बाइटचा. तुमच्याकडे खात्री करायची असेल तर एका महिन्याच्या फोल्डरमध्ये जाऊन हे चालवा:

एलएस -डी क*हाड | डब्ल्यूसी -सी

ओळ संपल्याचा एक बाइट धरून आकडा 19 येतो की 22 ते बघा. मग दुसऱ्या ऑपरेटरने बनवलेल्या महिन्यात जाऊन पुन्हा बघा. इथे तारका मुद्दाम अवतरणाबाहेर ठेवली आहे, कारण ती शेलनेच उलगडायला हवी आहे.

उपाय म्हणजे त्या अक्षराच्या वाटेलाच न जाणे: 'क*हाड'. यात ऱ कुठल्याही तऱ्हेने लिहिलेला असला तरी जुळतो. शिवाय कोणीतरी ‘कराड’ असेही लिहिलेले असणार, ते वेगळे द्यावे लागेल. आधी नुसती यादी काढून बघा, तारकेत भलता फोल्डर तर सापडत नाही ना:

फाइंड . -टाइप डी \( -नेम 'क*हाड' -ओ -नेम 'कराड' \)

‘रद्दी’ला हा त्रास नाही. त्यातले द्द सगळे जण एकाच पद्धतीने टाइप करतात. सातारा, फलटण, वाई यांनाही नाही.

तर एवढे सगळे धरून तुमची कमांड अशी होते:

फाइंड . -टाइप डी \( -नेम 'रद्दी' -ओ -नेम 'क*हाड' -ओ -नेम 'कराड' \) -प्रून -ओ -टाइप एफ ! -आयनेम '*.टीआयएफ' ! -आयनेम '*.टीआयएफएफ' ! -आयनेम '*.सीडीआर' -प्रिंट0

एका वाक्यात वाचा: या तीन नावांचे फोल्डर छाट, नाहीतर फाइल असेल आणि टिफ नसेल आणि कोरल नसेल तर छाप. कंसातल्या -ओना नकार नाही, नकारांच्या मध्ये -ओ नाही. हे एवढेच तपासायचे असते.

शेवटचे -प्रिंट0 का? आपल्याकडे फाइलच्या नावात मोकळ्या जागा असतातच: ‘दिवाळी अंक अंतिम नवीन’. नावे एकामागे एक दुसऱ्या कमांडला पाजली की मोकळ्या जागेवर तुकडे पडतात. -प्रिंट0 प्रत्येक नावानंतर शून्य बाइट टाकते, जो फाइलच्या नावात कधीच असू शकत नाही. 2024 च्या पॉसिक्समध्ये तो मानकातच आला, जीएनयूत आणि मॅकवर तर बरीच वर्षे आहे. पडद्यावर यादी वाचायची असेल तेव्हा साधे -प्रिंट ठेवा, पाइप करायचे असेल तेव्हा शून्यवाले.

प्रत काढायला त्यापुढे हे जोडा:

| आरसिंक -टी --फ्रॉम0 --फाइल्स-फ्रॉम=- . /मीडिया/डिस्क/

पहिल्यांदा -टीच्या जागी -टीएनव्ही लिहा, म्हणजे काहीही न हलवता फक्त काय हलवणार ते सांगेल. फोल्डरांची रचना तशीच राहते. मी -ए न लिहिता -टी लिहिले, कारण बाहेरच्या डिस्क बहुतेक एक्सफॅट असतात आणि त्यांना मालक-परवानग्या समजत नाहीत, उगाच एररची रांग लागते. तुमची डिस्क लिनक्सच्या फाइलसिस्टीमची असेल तर -ए लिहा. फॅट32 असेल तर 4 जीबीची फाइल जाणार नाही, आधी डिस्क बदला.

कोणी म्हणेल, आरसिंकलाच --एक्सक्लूड आहे, मग फाइंड कशाला? बरोबर आहे. रोज रात्री आपोआप चालणाऱ्या कामासाठी मी तेच वापरतो. पण त्याचे नियम वेगळे आहेत: जो नियम आधी जुळतो तो लागू होतो आणि पुढचे बघितले जात नाहीत, शिवाय लहान-मोठ्या अक्षरांसाठी '*.[टीटी]' छाप चौकटी कंसात दोन्ही अक्षरे लिहावी लागतात. एकदाच करायच्या आणि डोळ्यांनी तपासायच्या कामाला फाइंडची यादी बरी. ती कागदावर काढून संपादकांना दाखवतासुद्धा येते.

तुम्ही शेवटी विचारले होते की उरलेल्या मजकूर फाइल्समध्ये एखादे नाव शोधायचे तर हेच करायचे का. नाही. तिथे मजकुरात शोधणाऱ्या ग्रेप कमांडचे स्वतःचे पर्याय आहेत:

ग्रेप -आर --एक्सक्लूड='*.लॉग' --एक्सक्लूड-डिर='रद्दी' 'शोधायचा शब्द' .

एक्सक्लूड दोन-तीन वेळा लिहिले तर ते सगळे लागू होतात, ‘आणि-किंवा’ची भानगड इथे नाही. अवतरणाच्या आत महिरपी कंसात दोन शेपटे लिहू नका, ग्रेपला महिरप समजत नाही, ती शेलची गोष्ट आहे. आणि युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर देवनागरी शब्द देऊन सापडणार नाही. त्या फाइलच्या आत देवनागरी नसतेच, रोमन चिन्हांना मराठी चेहरा दिलेला असतो. 11 वर्षांपूर्वीच्या अंकांत तुमच्याकडे असे काही असेल, तर सापडले नाही म्हणजे छापले नव्हते असे समजू नका.

प्रत काढण्याआधी एक मोजणी करा. सगळ्या फाइल्स किती, तुमच्या कमांडने ठेवलेल्या किती, आणि नकार काढून उलटी चालवली तर वगळलेल्या किती. उलटी करताना दोन यादी काढाव्या लागतील, एक छाटलेल्या फोल्डरांच्या आतल्या फाइल्सची आणि एक त्यांच्याबाहेरच्या टिफ-कोरलची. ठेवलेल्या अधिक वगळलेल्या बरोबर एकूण, असे आले पाहिजे. मोजणीसाठी साधे -प्रिंट आणि पुढे डब्ल्यूसी -एल पुरते. जमले नाही तर दोन्ही याद्या सॉर्ट करून कॉम नावाच्या कमांडने ताडून बघा आणि जी नावे कुठल्याच यादीत नाहीत ती इथे टाका. नाव जसे टर्मिनलवर दिसते तसेच कॉपी करा, पुन्हा टाइप करू नका, म्हणजे त्यातला ऱ कुठल्या तऱ्हेचा आहे ते मला बघता येईल.